इंग्रजी येतं, याला प्रमाण काय?

(चाळीसगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांचा मला फोन आला. म्हणाले, सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हा तर व्हिसा-पासपोर्टवाल्यांचा विषय झाला. मी म्हटलं, खरं आहे, पण हा विषय मी शोधायला गेलो नव्हतो, तो माझ्या घरात आला.

माझी एक पुतणी आहे. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. तिचं सगळं शिक्षण इथलं, मराठी माध्यमातलं, बी.ए.ला विषयही मराठीच. नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडला गेली. दोन मुलं तिथल्या शाळेत जातात. मुलांच्या बाईंशी ही बोलते, डॉक्टरांकडे जाते, एका दुकानात अर्धवेळ काम करते. एकदा नवरा बाहेरगावी असताना रात्री धाकट्याला धाप लागली. हिने अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. पत्ता, मुलाचं वय, काय होतंय, कोणतं औषध दिलंय, सगळं नीट सांगितलं. अ‍ॅम्ब्युलन्स आली, मूल बरं झालं.

पुढे तिथे कायम राहण्याची परवानगी आणि त्यानंतर नागरिकत्व, असं करायचं ठरलं. त्यासाठी इंग्रजी बोलता येतं, ऐकून समजतं, याचा दाखला लागतो. ही परीक्षेला बसली. समोर परीक्षक, शेजारी एक अनोळखी उमेदवार, वेळ मोजलेली. आणि हिची दातखीळ बसली. नापास.

त्या रात्री तिचा फोन आला. रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "नाना, त्या रात्री अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना माझं इंग्रजी समजलं होतं. मग ते खरं, का हे खरं?"

आता बघा, मी तीस-पस्तीस वर्षं मुलांना प्रमाणशास्त्र शिकवलं. एखादी गोष्ट आपल्याला माहीत आहे हे कशावरून म्हणायचं, हाच त्या शास्त्राचा प्रश्न. आणि घरातल्या पोरीने तोच प्रश्न विचारला तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे ते उशिरा सुचलेलं उत्तर आहे. पण त्याआधी इतिहास बघावा लागेल. ही परीक्षा आकाशातून पडलेली नाही.

भाषेवरून आपला कोण आणि परका कोण हे ठरवण्याची खोड फार जुनी. व्याकरण का शिकावं हे सांगताना पतंजली महाभाष्यात असुरांची गोष्ट सांगतो. त्यांनी 'र'च्या जागी 'ल' उच्चारला आणि त्यांचा पराभव झाला. बायबलच्या जुन्या करारात यॉर्डन नदीच्या उतारावर लोकांना 'शिब्बोलेथ' हा एक शब्द म्हणायला लावतात. ज्याला 'श' जमला नाही त्याला तिथेच ठार मारतात. आणि एवढं लांब कशाला? १९७० नंतर मी पुण्याला एम.ए.ला गेलो. खानावळीत पहिल्याच दिवशी "पानी द्या" म्हणालो. सगळं टेबल हसलं. त्यांचं 'पाणी' होतं, माझं 'पानी' होतं. तहान दोघांची एकच होती. तेव्हापासून काही महिने मी 'ण' असलेला शब्द तोंडातून काढण्याआधी मनात एकदा म्हणून बघायचो.

म्हणजे भाषा हा एक दरवाजा आहे. पण तीच भाषा रस्ताही असते. त्याचा पुरावा आपल्यापासून वीसेक किलोमीटरवर, पाटणादेवीला आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी तिथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. त्याचा शिलालेख शके ११२८ चा, म्हणजे आठशे वर्षांहून जुना. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. त्यात राजघराण्याची आणि विद्वानांची स्तुती संस्कृतात आहे. पण मठाला काय द्यायचं, बाजारात येणाऱ्या मालावर कोणी किती हिस्सा द्यायचा, हा मजकूर आला की लेख मराठीत उतरतो. जे गावच्या माणसाला समजलंच पाहिजे ते गावच्या भाषेत.

हे दोन्ही लक्षात ठेवा: नदीवरचा तो शब्द आणि पाटणचा तो मराठी मजकूर. राज्यसंस्था भाषेचा प्रश्न विचारते तेव्हा या दोहोंपैकी एक हेतू असतो. एक, आपला व्यवहार नीट चालावा. दुसरा, नको असलेला माणूस दारातच अडवावा. फसगत अशी होते की दोन्ही वेळा प्रश्न एकच ऐकू येतो: तुम्हाला भाषा येते का?

आता इंग्रजीकडे येऊ. आपल्या चाळीसगावचे केकी मूस सगळ्यांना माहीत आहेत. स्वातंत्र्याआधी ते कलाशिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि परत येऊन इथेच राहिले. त्यांना तिथे उतरताना कोणी इंग्रजीचा दाखला मागितला असता का? प्रश्नच नव्हता. खानदेश १८१८ पासून ब्रिटिश मुलुख, मुंबई त्याच्याही आधीपासून. इथे जन्मलेला माणूस जन्मानेच ब्रिटिश प्रजाजन. ब्रिटनने नागरिकत्वासाठी इंग्रजीचं पुरेसं ज्ञान ही अट कायद्यात घातली ती १९१४ साली, पण ती परक्यांसाठी होती. जर्मन, रशियन, इटालियन माणसाला इंग्रजी यायला हवं होतं. आपल्याकडचा अक्षरशून्य शेतकरी मात्र इंग्रजीचा एक शब्द न येता पूर्ण ब्रिटिश प्रजाजन! (हशा)

हसू येतं, पण यातला 'प्रजाजन' शब्द ऐका. प्रजेला भाषा यायची गरज नसते, हुकूम खालपर्यंत पोचला की झालं. नागरिकाला मात्र बोलायचं असतं. म्हणून भाषेची अट ही नेहमीच अपमानाची असते असं मी म्हणणार नाही. ज्याच्याकडून बोलण्याची अपेक्षा आहे त्यालाच भाषा विचारतात.

पण हा प्रजाजन जहाजात बसून साम्राज्याच्या दुसऱ्या मुलखात निघाला की काय व्हायचं? १८९६ च्या अखेरीस 'कुरलँड' आणि 'नादरी' अशी दोन जहाजं मुंबईहून दर्बानला गेली. कुरलँडवर गांधीजी होते. प्लेगचं कारण सांगून उतारूंना तीन आठवड्यांहून अधिक काळ किनाऱ्याबाहेर अडकवून ठेवलं. जानेवारी १८९७ मध्ये गांधीजी उतरले तेव्हा गोऱ्या जमावाने त्यांना मारहाण केली. त्याच वर्षी नाताळच्या विधिमंडळाने एक कायदा केला. त्यात हिंदी माणूस हा शब्दच नाही. अट एवढीच की येणाऱ्याने ठरावीक नमुन्यातला अर्ज कोणत्याही युरोपीय भाषेत लिहून सही करावी. रंगाचं नावही नाही आणि काम मात्र रंगाचंच. लंडनमध्ये वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांना ही युक्ती पसंत पडली. वंशाचा उल्लेख करून कायदे केले तर साम्राज्यातले कोट्यवधी लोक दुखावतात. त्यापेक्षा हा मार्ग बरा, असा त्यांचा सल्ला होता.

तो सल्ला ऑस्ट्रेलियाने १९०१ साली मनावर घेतला. अधिकाऱ्याने पन्नास शब्दांचा उतारा वाचायचा, आलेल्या माणसाने तो लिहायचा. कोणत्या भाषेत? अधिकारी सांगेल त्या युरोपीय भाषेत. म्हणजे तुम्हाला इंग्रजी उत्तम येतं असं दिसलं तर तो फ्रेंच किंवा आणखी कोणती तरी भाषा काढायला मोकळा. १९०९ नंतर या परीक्षेत एकही माणूस उत्तीर्ण झाला नाही. ती रद्द झाली १९५८ साली. ज्या परीक्षेत पन्नास वर्षं कोणी पास होत नाही तिला परीक्षा म्हणायचं का? ती दाराला लावलेली कडी होती.

१९३४ साली एगॉन किश नावाचा पत्रकार तिथे गेला. प्रागचा, ज्यू, हिटलरविरोधी. सरकारला तो नको होता. त्याला अनेक युरोपीय भाषा येत होत्या, म्हणून अधिकाऱ्यांनी त्याला स्कॉटिश गेलिकमध्ये उतारा घातला. किश कोर्टात गेला. तिथल्या उच्च न्यायालयाने ठरवलं की या कायद्याच्या अर्थाने स्कॉटिश गेलिक ही युरोपीय भाषा धरता येत नाही. किश सुटला. ही गेलिक ध्यानात ठेवा, ती पुन्हा भेटणार आहे.

अमेरिकेत वेगळा प्रकार झाला. तिथे १९०६ च्या कायद्याने नागरिकत्वासाठी इंग्रजी बोलता येणं आवश्यक केलं. पण त्याच्याही आधीपासून दुसरी अट होती, गोऱ्या वर्णाची. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना १९१० साली न्यायालयाने गोरे मानून नागरिकत्व कायम केलं. भगतसिंग थिंद यांचं मात्र उलट झालं. थिंद बर्कलेला शिकले होते, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. इंग्रजीत कमी पडले का? मुळीच नाही. तरी १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तुम्ही बसत नाही. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक हिंदी लोकांचंही नागरिकत्व काढून घेतलं. वैष्णो दास बगाई यांनी तर १९२८ साली आत्महत्या केली. हिंदी लोकांना ते दार कायद्याने उघडलं १९४६ साली.

ऑस्ट्रेलियाने भाषेचं नाव घेऊन वर्ण बघितला, अमेरिकेने भाषा ऐकली आणि तरीही वर्ण बघितला. या इतिहासामुळे आपल्या माणसाला आज भाषेचा दाखला मागितला की पोटात गोळा येतो. तो गोळा निराधार नाही. पण आजची परीक्षा तीच आहे का, हे तपासून बघायला हवं.

ब्रिटनचं बघू. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने भारतीय माणूस राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून तिथे काही काळ राहून नोंदणी करू शकत होता. भाषेची अट नव्हती. त्या काळात गेलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांना ही परीक्षा माहीतच नाही. मग १९८१ चा कायदा आला. इंग्रजी, वेल्श किंवा स्कॉटिश गेलिक, यांपैकी एका भाषेचं पुरेसं ज्ञान असावं असं त्यात म्हटलं. हीच ती गेलिक! किशला अडवायला जी काढली, तिच्यावर आता ब्रिटिश नागरिकत्व मिळू शकतं. तरी बराच काळ हे ज्ञान मोजायला ठरावीक परीक्षा नव्हती. नोव्हेंबर २००५ पासून ब्रिटनच्या जीवनाविषयीची परीक्षा आली. त्यात २४ प्रश्न, ४५ मिनिटं, १८ बरोबर आले पाहिजेत. ऑक्टोबर २०१३ पासून तिच्याबरोबर बोलण्या-ऐकण्याचा वेगळा दाखलाही लागतो. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या ठरवल्या आहेत, त्यातली तिसरी, बी-१. रोजच्या व्यवहारात आपलं आपण निभावून नेता येईल, एवढी. ६५ आणि त्यावरच्या वयाला सूट आहे.

आता माझ्या शास्त्राकडे येतो. नैयायिक चार प्रमाणं मानतात. त्यातली तीन इथे कामाची आहेत: प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द. एखाद्या माणसाला इंग्रजी येतं हे सरकारला कळायचे मार्गही हेच तीन आहेत, दुसरे नाहीत.

अमेरिकेचा अधिकारी प्रत्यक्षवाला. अर्जदाराला समोर बसवतो, बोलतो, एक वाक्य वाचायला लावतो, एक लिहायला लावतो. वाचायला आणि लिहायला प्रत्येकी तीन संधी. चार्वाकासारखा, डोळ्यांनी बघेन तेव्हाच मानेन. चांगलं आहे, पण त्या दिवशी अधिकाऱ्याचा कान आणि अर्जदाराची छाती कशी असेल त्यावर बरंच अवलंबून. तिथेही म्हाताऱ्यांचा विचार केलेला आहे. कायमचा परवाना घेऊन वीस वर्षं राहिलेला पन्नाशीचा माणूस, किंवा पंधरा वर्षं राहिलेला पंचावन्नचा, त्याला इंग्रजी माफ; इतिहास-नागरिकशास्त्राचे प्रश्न तो आपल्या भाषेत दुभाष्यामार्फत देऊ शकतो.

दुसरं अनुमान. धूर दिसला की अग्नी आहे. तसं अमेरिकन, ऑस्ट्रेलियन किंवा जमैकाचा पासपोर्ट दिसला की ब्रिटन म्हणतं, इंग्रजी आहे. त्या देशांची यादीच आहे. भारत त्या यादीत नाही. इंग्रजीतून पदवी घेतलेली असेल तर तुमच्यासाठीही अनुमान चालतं, मात्र ती पदवी इंग्रजी माध्यमाची होती हे तिथल्या ठरलेल्या संस्थेकडून पडताळून घ्यावं लागतं. माझ्या पुतणीची पदवी मराठीची, तिथे धूरच नाही. पण धूर नसला म्हणजे अग्नी नाही असं कुठे आहे? लालबुंद तापलेल्या लोखंडाला धूर नसतो, हे उदाहरण न्यायशास्त्राच्या पहिल्या वर्गातलं आहे.

मग उरतं तिसरं, शब्दप्रमाण. विश्वासू माणसाने, आप्ताने सांगितलं म्हणून मानायचं. सरकारने मान्य केलेल्या केंद्राचा दाखला हा आप्ताचा शब्द. आणि आप्तच बिघडला तर? २०१४ साली ब्रिटनमध्ये अशा काही केंद्रांवर परीक्षेत लबाडी होत असल्याचं बाहेर आलं. लबाडी खरीच होती. पण सरकारने सरसकट कारवाई केली, हजारो परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा गेले, आणि त्यातल्या कितीतरी जणांना आपण स्वतः परीक्षा दिली होती हे सिद्ध करायला वर्षानुवर्षं झगडावं लागलं. अस्खलित इंग्रजीत न्यायाधीशापुढे बोलायचं, आणि मुद्दा काय, तर मला इंग्रजी येतं!

तर पुतणीच्या प्रश्नाचं उत्तर. न्यायदर्शन म्हणतं की ज्ञान खरं होतं हे शेवटी सफल प्रवृत्तीवरून कळतं. लांबून पाणी दिसलं. ते मृगजळ की खरं? जाऊन प्यायलो आणि तहान भागली, म्हणजे खरं. म्हणून मी तिला सांगितलं, "बाई, तुझ्या इंग्रजीची परीक्षा त्या रात्रीच झाली. अ‍ॅम्ब्युलन्स बरोबर पत्त्यावर आली, हेच प्रमाण. याहून मोठं प्रमाण न्यायशास्त्रातही नाही. पण ते सरकारला दिसलं नाही. सरकार कोणाच्या घरात रात्री बसून नसतं, त्याला कागदच लागतो. तेव्हा कागदाला कागद म्हणून मिळव. तो मिळाला नाही म्हणून ती रात्र खोटी होत नाही."

तिने दुसरी बाजूही सांगितली, ती माझ्या लक्षात आली नव्हती. तिच्या वर्गात एक पंजाबी बाई होती, बारा वर्षं तिथे राहिलेली. घरच्यांनी कधी एकटीला बाहेर पडू दिलं नाही. परीक्षा सक्तीची म्हणून नाइलाजाने क्लासला पाठवली. ती बाई म्हणाली, ही परीक्षा नसती तर मी आजही बसचं तिकीट मागू शकले नसते. म्हणजे जी अट एकीला कडी वाटली, ती दुसरीला किल्ली झाली. म्हणून सरसकट निकाल देऊ नये. कोणतीही भाषापरीक्षा समोर आली की तीन गोष्टी विचाराव्यात. काय विचारणार ते आधी माहीत आहे का? शिकायची आणि पुन्हा बसायची सोय आहे का? ज्याला झेपणारच नाही त्या म्हाताऱ्या-आजाऱ्याला सूट आहे का? १९०१ ची ऑस्ट्रेलिया तिन्हींत नापास. आजच्या परीक्षा बऱ्याच अंशी पास होतात. पण पायरी वर वर नेत गेलं, शुल्क वाढवत गेलं, की किल्लीची पुन्हा कडी व्हायला वेळ लागत नाही. ब्रिटनमध्ये ही पायरी आणखी वर न्यायचा विचार सरकारने २०२५ साली मांडलाच आहे.

शेवटी आपल्या घरातलं बोलू. परक्या माणसाला भारताचा नागरिक व्हायचं असेल तर भाषेची अट आहे का? आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत म्हटलंय की अर्जदाराला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचं पुरेसं ज्ञान असावं. त्या अनुसूचीत आज २२ भाषा आहेत. मराठी आहे, संस्कृत आहे, सिंधी आहे. इंग्रजी नाही! ज्या भाषेत हा कायदा वाचला जातो, ज्या भाषेत सर्वोच्च न्यायालय चालतं, तिच्या जोरावर भारताचं नागरिकत्व मागता येत नाही. मराठीच्या जोरावर येतं. अमेरिकेत जन्मलेल्या गेल ऑम्व्हेट महात्मा फुल्यांच्या चळवळीवर संशोधन करायला इथे आल्या, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या झाल्या, बायकांच्या मोर्चात मराठीतून बोलल्या आणि १९८३ साली भारताच्या नागरिक झाल्या. त्यांना मराठी येतं की नाही याचं प्रमाण कासेगावात कोणी मागितलं नसेल.

आणि आता आपली अहिराणी. जनगणनेत 'खानदेशी' या नावाखाली ती भाषा बोलणारे २०११ साली अठरा लाखांहून जास्त नोंदले गेले. आठव्या अनुसूचीत ती नाही. समजा एखादा परदेशी माणूस आपल्याकडे येऊन राहिला, शेतात काम करू लागला, बाजारात "कथा चालना भो?" म्हणायला लागला. गावाने त्याला केव्हाच आपलं म्हटलं असेल. कायद्याच्या लेखी मात्र त्याला अजून पुरेशी भाषा यायची आहे. तेव्हा लंडनच्या नावाने बोटं मोडण्याआधी आपण आपल्या दाराकडेही बघावं. पुण्याच्या त्या टेबलाकडेही बघावं. आणि आपल्या बँकेच्या खिडकीपाशी अहिराणीत बोलणाऱ्या म्हातारीला आपण किती वेळ उभी ठेवतो, तेही.

पुतणी दुसऱ्या खेपेला पास झाली. मी विचारलं, या वेळी काय वेगळं केलंस? म्हणाली, "काही नाही नाना. परीक्षकाकडे बघितलं आणि मनात धरलं की हाच अ‍ॅम्ब्युलन्सचा फोन आहे."

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, आणि ज्या भाषेत सुचतील त्या भाषेत विचारा.